शिक्का बसलेलं पुस्तक: जुन्या कादंबरीची किंमत कोण ठरवतं?

आजचा भाग एका वजनकाट्यापासून सुरू होतो.

"पाच किलो दोनशे ग्रॅम. पंधरा रुपयानं अठ्ठ्याहत्तर होतात भाऊ. पण पुठ्ठे फाडून वायले करून देजा, पुठ्ठ्याचा भाव वायला हाय."

हे आमच्या गावचे रद्दीवाले काका. गाव बार्शीटाकळी, अकोल्यापासून वीसेक किलोमीटर. काट्यावर होती आमच्या घरातली चौदा पुस्तकं. सगळ्या जुन्या मराठी कादंबऱ्या, सगळ्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या. मागच्या खोलीचं छप्पर पावसाळ्याच्या आधी बदलायचं होतं, म्हणून आबाजींची लोखंडी पेटी बाहेर निघाली. घरातल्यांचं मत स्पष्ट होतं: कोणी वाचत नाही, जागा अडते, देऊन टाका.

मी काकांना म्हणालो, दोन दिवस द्या. पुस्तकांचे फोटो काढून जुनी पुस्तकं विकत घेणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले. संध्याकाळी पुण्याहून एकाचा फोन आला. त्यांना चौदातलं एकच पुस्तक हवं होतं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. आणि त्यांनी धडाधड प्रश्न विचारले. आवृत्ती कितवी? पानं पूर्ण आहेत का? वेष्टन आहे का? बांधणी मूळची आहे का? कागद कसा आहे? शिक्का आहे का?

सहा प्रश्न, आणि माझं एकच उत्तर: "बघून सांगतो."

तर आजचा भाग म्हणजे हे 'बघून सांगतो'. जुन्या कादंबरीची अवस्था कशी बघायची, तिची किंमत कशी ठरते, आणि ते बघता बघता माझ्या हाती एक भलतंच प्रकरण कसं लागलं.

पहिला प्रश्न: आवृत्ती कितवी?

मराठी कादंबरी तशी फार जुनी नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. विधवांच्या हालांबद्दलची ही गोष्ट पहिली मराठी कादंबरी मानली जाते. मग १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला'. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड', ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. आणि १८९३ मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' पुस्तकरूपात आली.

'पुस्तकरूपात' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही कादंबरी आधी 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः छापून येत होती. १८९० मध्ये आपट्यांनीच ते सुरू केलं होतं. 'मोचनगड'सुद्धा आधी 'विविधज्ञानविस्तार' मासिकात आली. म्हणजे आजच्या वेब सिरीजसारखं: दर आठवड्याला किंवा दर महिन्याला एक तुकडा, आणि लोक पुढच्याची वाट बघत बसलेले. त्यामुळे या कादंबऱ्यांचं पहिलं छापील रूप पुस्तकात नसून त्या अंकांमध्ये आहे. घरात 'करमणूक'चे अंक एकत्र बांधलेला गठ्ठा असेल, तर तो रद्दीत टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

आता आवृत्ती ओळखायची कशी? शीर्षकाचं पान उघडा आणि त्याची मागची बाजूही बघा. इंग्रज सरकारनं १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव आणि पत्ता छापणं सक्तीचं झालं. सरकारला हे हवं होतं ते लक्ष ठेवण्यासाठी. १८५७ नंतरची दहा वर्षं होती, कोण काय छापतंय हे कळायला हवं होतं. पण त्याच कायद्यामुळे दर तीन महिन्यांनी नोंदणी झालेल्या पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. त्यांत पुस्तकाची पानं, आकार, आवृत्ती, किंमत, आणि प्रती किती छापल्या हेसुद्धा असायचं. पाळत ठेवायला केलेल्या त्या याद्या आज अभ्यासकांसाठी खजिना आहेत.

एक सापळा सांगतो. पानावर 'पहिली आवृत्ती १९३४' असं दिसलं की आपण नाचायला लागतो. पण त्याच्याखालची ओळही वाचा. तिथं बऱ्याचदा 'सातवी आवृत्ती' असतं. आपल्याकडे प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही 'आवृत्ती' म्हणत आले आहेत, त्यामुळे वरच्या सगळ्या तारखा म्हणजे पुस्तकाची वंशावळ. तुमच्या हातातली प्रत शेवटच्या तारखेची. आणि साल फक्त शकात दिलं असेल तर साधारण ७८ मिळवा. शके १८१५ म्हणजे १८९३.

मी 'रणांगण' उघडलं. शीर्षकाचं पान नव्हतंच. कधीतरी फाटलं असणार, आणि नंतर बांधणी करणाऱ्यानं ते सोडून दिलं असणार. पहिला प्रश्न तिथंच अडकला.

पान नसेल तर?

पान गेलं तरी पुस्तक बोलतं, फक्त हळू आवाजात. चार-पाच खुणा सांगतो, फोनमध्ये लिहून ठेवा.

किंमत बघा. 'दोन रुपये आठ आणे' असं असेल तर पुस्तक १९५७ च्या आधीचं किंवा फार तर त्याच सुमाराचं, कारण १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. किंमत 'नये पैसे' मध्ये असेल तर १९५७ ते १९६४ ही खिडकी. १९६४ नंतर 'नये' हा शब्द गेला, नुसते पैसे राहिले.

पत्ता बघा. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. पिनकोड आला तेव्हाच.

अनुस्वार बघा. 'नांव', 'घरांत', 'त्यानें', 'कांहीं' असे डोक्यावर टिंबंच टिंबं असतील तर छपाई बहुधा १९६२ च्या आधीची. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं नवे लेखननियम मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आणि 'इ', 'उ', 'ए' यांच्या जागी 'अि', 'अु', 'अे' दिसले, तर ती सावरकरांनी पुरस्कारलेली लिपिसुधारणा. १९३०-४० च्या दशकांतल्या कितीतरी पुस्तकांत आणि मासिकांत ती सापडते.

यातली एकेक खूण पुरावा नाही. जुनेच खिळे वापरून नंतरही छापत असत, लेखकही आपली सवय सोडत नसत. पण तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

माझ्या प्रतीत अनुस्वार भरपूर होते. 'रणांगण' पहिल्यांदा आलं १९३९ मध्ये, ह. वि. मोटे यांनी काढलं. युरोपातून निघालेल्या बोटीवर भेटलेला चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा, यांची ती गोष्ट. ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षीचं पुस्तक. म्हणजे माझी प्रत १९३९ ते साधारण १९६२ या काळातली. तेवीस वर्षांची खिडकी. ती कशी लहान झाली ते पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न: पानं पूर्ण आहेत का?

नुसते आकडे मोजू नका. जुनं पुस्तक फर्म्यांत छापलेलं असतं. मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं छापून, घडी घालून, शिवायची. सोळा पानांचा एक फर्मा असेल तर पान १, १७, ३३, ४९ असे फर्मे सुरू होतात, आणि पुष्कळदा त्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो. बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून तो असे. आज तोच आकडा आपल्याला सांगतो की मधला आख्खा फर्मा गळलाय का, किंवा एकच फर्मा दोनदा शिवलाय का. नकाशे, चित्रं, अर्पणपत्रिका, शेवटची जाहिरातीची पानं हेसुद्धा तपासा. जाहिराती लोक फाडून टाकतात, पण त्या वर्षी त्या प्रकाशकाकडे आणखी काय मिळत होतं हे तिथंच कळतं.

तिसरा आणि चौथा: वेष्टन आणि बांधणी

पुठ्ठ्यावर जे सुटं कागदी आवरण असतं ते वेष्टन, आपण ज्याला जॅकेट म्हणतो. ते मुळात धूळ लागू नये म्हणून घातलेलं. पुस्तक घरी आलं की लोक ते काढून टाकत. म्हणूनच आज जगभर सगळ्यात दुर्मिळ गोष्ट ती आहे. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या १९२५ च्या अमेरिकन कादंबरीची पहिली आवृत्ती जॅकेटसकट असेल, तर जॅकेट नसलेल्या प्रतीच्या कितीतरी पट किमतीला जाते. मजकूर तोच, शिलाई तीच. फरक एका कागदाचा.

मराठीतही वेष्टनाला किंमत येते आहे, ती बऱ्याचदा चित्रकारामुळे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं जमवणारे लोक आहेत. त्यातल्या काहींना आतल्या कादंबरीशी घेणंदेणं नसतं.

बांधणीचं उलटं आहे. ग्राहकाला हवी असते प्रकाशकाची मूळ बांधणी: कापड, कण्यावर नाव, आतला कोरा कागद. पण वाचनालयांत गेलेलं पुस्तक दोन-तीन वर्षांत खिळखिळं व्हायचं. मग बाइंडर मूळ पुठ्ठे काढायचा, कडांना कटिंग मारायचा, नवे पुठ्ठे लावायचा, कण्याला जाड कापड आणि वर अबरीचा रंगीत कागद. चिकटवायला मैद्याची खळ, आणि किडे लागू नयेत म्हणून त्या खळीत मोरचूद. बाजाराच्या भाषेत ही प्रत 'बिघडली'. कडा कापल्या, समास कमी झाला, मूळचं रूप गेलं.

पण हेही बघा. महिन्याला दहा-दहा हातांतून जाणारं पुस्तक या बांधणीशिवाय टिकलंच नसतं. आज छोट्या गावांत ज्या जुन्या कादंबऱ्या उरल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच याच 'बिघडवणाऱ्या' बाइंडरांमुळे उरल्या.

माझं 'रणांगण' असंच होतं. वेष्टन नाही, मूळ बांधणी नाही, कण्यावर अबरी आणि जाड दोरा. दोरा मात्र आजही घट्ट.

पाचवा: कागद

इथं आपल्या वऱ्हाडाचा एक विनोद आहे. कागद चिंध्यांपासून, म्हणजे सुती कापडापासून केलेला असेल, तर शेकडो वर्षं टिकू शकतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल तर त्यातला लिग्निन नावाचा घटक ऊन-हवेनं पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं, आणि पान दुमडलं की तुटतं. म्हणून कधीकधी १८७० चं पुस्तक १९४५ च्या पुस्तकापेक्षा तरुण दिसतं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्यावर सरकारी नियंत्रण होतं, प्रकाशक मिळेल त्या कागदावर छापत होते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात लोकांच्या घरी पोचली ती मात्र लाकडाच्या कागदाची पुस्तकं.

तपासायचं कसं? आतल्या एखाद्या पानाचा कोपरा हलकेच वाकवा. दुमडू नका, नुसता वाकवा. कुरकुरला तर कागद गेलाय. तपकिरी ठिपके म्हणजे ओल लागून गेलेली. बारीक सरळ भोकं म्हणजे पुस्तकातला किडा. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर कसर. आणि मातीचे बोगदे दिसले तर उदई, म्हणजे वाळवी. उदई दिसली तर ते पुस्तक त्या क्षणी बाकीच्यांपासून लांब करा.

आणि आता हात जोडून विनंती. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांवर डाग पाडतो. लॅमिनेशन करू नका. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात 'वाळवायला' ठेवू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा. विकण्याआधी नवी बांधणीही करू नका. आपण 'दुरुस्ती' म्हणून जे करतो, त्यानंच बरीच पुस्तकं जातात.

सहावा: शिक्का आहे का?

होता. पहिल्या उरलेल्या पानावर, मग मधल्या एका पानावर, मग शेवटच्या. जांभळ्या शाईचा गोल शिक्का. वरचा पहिला शब्द पुसलेला. पुढे: 'वाचनालय, बार्शीटाकळी, जि. अकोला, मध्यप्रदेश.' खाली शाईच्या पेननं दाखल क्रमांक, ४१२.

मध्यप्रदेश? मी दोनदा वाचलं.

शाळेत हे शिकवलं असेल, पण पुस्तकावर दिसेपर्यंत मला ते खरं वाटलं नव्हतं. वऱ्हाड आधी निजामाचं. १८५३ मध्ये निजामानं कर्जापोटी ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला, म्हणून जुन्या कागदांवर 'सी. पी. अँड बेरार'. १९५० मध्ये त्या प्रांताचं नाव झालं मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण आलो द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे अकोला जिल्हा मध्यप्रदेशात होता तो १९५० ते १९५६ एवढीच वर्षं.

माझी तेवीस वर्षांची खिडकी एका शिक्क्यानं लहान झाली. पुस्तक छापलं गेलं १९३९ नंतर, आणि बार्शीटाकळीच्या वाचनालयात दाखल झालं ते १९५६ पर्यंत. थोडी सूट ठेवायला हवी, कारण रबरी शिक्का बदलायला पैसे लागतात, आणि राज्य बदललं तरी जुना शिक्का वर्ष-दोन वर्षं चालवला असेल. पण गोष्ट साधारण कळली.

मी पुण्याच्या गृहस्थांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "शीर्षकपान नाही, बांधणी नवी, आणि वर तीन शिक्के. बाराशे देतो. हे शिक्के नसते आणि पान असतं तर आपण वेगळंच बोललो असतो."

ते चूक नव्हते. बाजाराचा हिशेब असाच आहे. दुर्मिळ किती, मागणी किती, अवस्था कशी, या तीन आकड्यांचा गुणाकार. नुसतं जुनं असून चालत नाही. फडके-खांडेकरांच्या ज्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, त्यांच्या नंतरच्या आवृत्त्या घरोघरी आहेत, म्हणून त्या जुन्या असूनही स्वस्त. आपट्यांचं निधन १९१९ मध्ये झालं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांचा मजकूर कोणीही छापू शकतं, कोणीही फोनवर टाकू शकतं. म्हणजे मजकुराला किंमत उरली नाही, वस्तूला उरली. आणखी एक: ऑनलाइन कोणी दहा हजार *मागितले* म्हणजे दहा हजारांना *विकलं गेलं* असं नाही. मागितलेली किंमत बघून भाव ठरवू नका.

पण शिक्का म्हणजे डाग, हे माझ्या मनाला काही पटेना. आमच्या गावात कालंका देवीचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. आणि गावात सापडलेला एक शिलालेख आहे शके १०९८ चा, म्हणजे ११७६ सालचा. त्या लेखामुळे कळतं की साडेआठशे वर्षांपूर्वी हे गाव होतं आणि इथं कोणाची सत्ता होती. अक्षरं कोरल्यामुळे दगड खराब झाला असं कोणी म्हणत नाही. मग पुस्तकावर गावाचं, जिल्ह्याचं, राज्याचं नाव उमटलं तर त्याची अवस्था 'खराब' कशी?

बाजाराचं उत्तर सोपं आहे: संग्राहकाला पुस्तक हवं ते छापखान्यातून निघालं त्या क्षणाचं. मधलं आयुष्य त्याला नकोय. मला मात्र नेमकं ते मधलं आयुष्य दिसायला लागलं होतं.

आणि सातवा प्रश्न, जो कोणी विचारला नाही

पुस्तक विकायचं ठरवलं होतं. बाराशे रुपये म्हणजे छपराच्या दोन पत्र्यांचे तरी पैसे. फोटो काढताना शेवटचं पान पुन्हा उघडलं, आणि लक्षात आलं की शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे, पण 'बाद' किंवा 'निर्लेखित' असा शेरा कुठंच नाही.

वाचनालय पुस्तक काढून टाकतं तेव्हा नोंदवहीत लिहितं आणि पुस्तकावर तसा शेरा मारतं. त्याला निर्लेखन म्हणतात. तो शेरा असलेलं पुस्तक बाजारात आलं तर बिनघोर घ्या, बिनघोर विका. शेरा नसेल तर ते पुस्तक अजून वाचनालयाचं असू शकतं.

मी आजीला विचारलं. आजीचं माहेर पातूरचं, लग्न होऊन इथं आली तेव्हा सतरा वर्षांची होती.

"आजी, हे आबाजींनी विकत घेतलं होतं का?"

तिनं पुस्तक हातात घेतलं, अबरीवरून बोट फिरवलं. "इकत कायले घेतीन? वाचनालयातून आणलं होतं. माह्यासाठीच आणलं होतं. मले वाचता येत होतं ना, सातवी शिकलेली होती मी. बाया नव्हत्या जात तवा वाचनालयात."

"मग वापस नाही केलं?"

"करतो करतो म्हणत राह्यले. मी दोनदा वाचलं. मंग तुया बाप झाला, मंग राहूनच गेलं."

आता सांगा. चौदा पुस्तकांतलं सगळ्यात किमती पुस्तक, आणि ते आमचं नव्हतंच. आजीच्या हातून सुटलं नाही म्हणून टिकलं, आणि टिकलं म्हणून आज त्याला भाव आला. घरी चर्चा झाली. कोणी म्हणालं, सत्तर वर्षं झाली, आता कोण विचारतं? कोणी म्हणालं, द्यायचंच तर विकून पैसे वाचनालयाला द्या. हे दुसरं मला बराच वेळ पटत होतं, खोटं कशाला बोलू.

शेवटी पुस्तक घेऊन चौकशीला निघालो. त्या जुन्या वाचनालयाचं पुढं काय झालं, हे दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं ते बंद पडलं, कोणी म्हणालं त्याची पुस्तकं दुसरीकडे गेली. एका ठिकाणी जुनी कागदपत्रं आहेत असं कळलं, तिथं गेलो. तिथल्या काकांनी कपाट उघडून दाखवलं. त्या वर्षांची दाखल नोंदवही नव्हती. खालच्या कप्प्यात उदईनं सोडलेली माती होती, बस.

मी ४१२ नंबर दाखवला. काकांनी चष्मा लावून शिक्का वाचला आणि म्हणाले, "मध्यप्रदेश! हे तं म्या बी नव्हतं पाह्यलं."

मी पुस्तक ठेवून घ्या म्हणालो. ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, ठेवायला कपाट नाही, आणि अशीच जुनी, तुटकी पुस्तकं आम्ही दरवर्षी काढून टाकतो. हे दिलं तर दोन वर्षांत हेही रद्दीत जाईल. "तुमच्याकडंच बरं राहीन."

तिथून परत येताना एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. नोंदवही गेली. मला तरी त्या वाचनालयाचा दुसरा कागद कुठं दिसला नाही. ते इथं होतं, त्यात निदान चारशे बारा पुस्तकं होती, आणि त्यात मुंबईत छापलेली, जर्मनीतल्या ज्यूंबद्दल बोलणारी कादंबरी होती, याचा माझ्या हाती एकच पुरावा उरला. तो म्हणजे हा शिक्का, ज्याच्यामुळे पुस्तकाची किंमत कमी झाली. पुण्याच्या गृहस्थांच्या मनासारखी, बिनशिक्क्याची, कोरी करकरीत प्रत असती, तर तिच्यावरून बार्शीटाकळीबद्दल एक अक्षर कळलं नसतं.

तर आम्ही काय केलं? चौदातली चार पुस्तकं विकली. त्यातलं एक साठच्या दशकातलं, वेष्टनाच्या कोपऱ्यात 'दलाल' अशी सही असलेलं, चांगल्या भावाला गेलं. नऊ ठेवली आहेत, वाचतोय. 'रणांगण' विकलं नाही. पुण्याला तसं कळवलं, कारणही सांगितलं. ते म्हणाले, "शिक्क्याचा फोटो पाठवा, मलाही बघायचाय."

पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो मी काढून ठेवलाय. आत एक कागद ठेवलाय, पेन्सिलीनं लिहून: हे पुस्तक बार्शीटाकळीच्या जुन्या वाचनालयाचं, दाखल क्रमांक ४१२, आमच्याकडे सांभाळायला आहे. गावात नीट जपणारं ठिकाण झालं की द्यायचं. आजी म्हणते, तोपर्यंत तिला तिसऱ्यांदा वाचून दाखव. रोज रात्री चार पानं होतात.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती रद्दीवाल्याकडे जाण्याआधी एक संध्याकाळ द्या. शीर्षकपान आणि त्याची पाठ, किंमत, पत्ता, अनुस्वार, फर्म्यांचे आकडे, वेष्टन, कागदाचा कोपरा, एवढं बघा. आणि शिक्का असेल तर तो सगळ्यात आधी वाचा: गाव कुठलं, राज्य कुठलं, आणि 'बाद' लिहिलंय की नाही. मग विका, ठेवा, परत करा, तुमचा निर्णय. फक्त काट्यावर ठेवण्याआधी पुस्तक उघडा.

तुमच्या पुस्तकावर 'सी. पी. अँड बेरार' किंवा 'मध्यप्रदेश' असा शिक्का सापडला तर फोटो नक्की पाठवा. जमलं तर त्यांचा एक वेगळा भाग करू. भेटू पुढच्या भागात.